जेट बोटीमागची सर्फिंगची लाट: आधी बोट पाण्यात बसवा, खरेदी नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही पाच मित्रांनी मिळून दोन इंजिनांची, २२ फुटी, जुनी जेट बोट, म्हणजे प्रोपेलरऐवजी पंपाने पाणी मागे फेकत पळणारी बोट, घेतली आणि नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला वेकसर्फिंग, म्हणजे बोटीमागच्या लाटेवर दोरी सोडून सर्फिंग, करून पाहिलं. वेग ताशी २४ किलोमीटर ठेवला, लाट मोठी व्हावी म्हणून दोघांना मागच्या सीटवर बसवलं. दोरी धरलेली असेपर्यंत सगळं ठीक, पण दोरी सोडली की दोन-तीन सेकंदांत सर्फर मागे पडतो आणि पायाखाली नुसता फेस. आता कोणता वेक शेपर, म्हणजे लाटेला आकार देण्यासाठी बोटीच्या बाजूला चिकटवायची फळी, आणि किती किलोच्या, पाणी भरायच्या वजनाच्या पिशव्या घ्यायच्या, हे तुम्हाला हवंय.

मी काही वर्षं दुबईत सर्फिंगच्या बोटी चालवल्या, आता नाशिकला बोटींच्या इंजिनांचं काम करतो, आणि जेट बोटी भरपूर हाताळल्या आहेत. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं की अडचण उंचीची नाही. तुमच्या लाटेत रेटा नाही आणि ती स्वच्छ नाही. हे दोन वेगळे दोष आहेत, दोन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि शेपर विकत घेऊन त्यातला पहिला दोष जाणार नाही.

सुरुवातीलाच सांगतो की बरंचसं तुमच्या बोटीवर अवलंबून आहे. तळ किती खोल व्ही आकाराचा आहे, स्विम प्लॅटफॉर्म, म्हणजे मागची पाण्यात उतरायची फळी, पाण्यापासून किती वर आहे, इंजिनं किती मागे आहेत, तुमची स्वतःची वजनं किती, हे मला माहीत नाही. त्यामुळे अमुक जागी अमुक किलो असं छापील उत्तर देत नाही. तुम्ही पाण्यावर स्वतः ठरवू शकाल इतकं सांगतो. शिवाय गंगापूरचं पाणी शहर पितं, तेव्हा जलसंपदा विभागाची लेखी परवानगी, बोटीची नोंदणी आणि विमा हे सगळं झालेलं आहे असं धरून पुढे लिहितोय. झालं नसेल तर आधी ते.

जेट बोटीचा स्वभाव आधी समजून घ्या. ती हलकी असते, तळ त्या मानाने सपाट असतो, आणि जरा वेग दिला की ती पाण्यावर चढून पळायला बघते. सर्फिंगला याच्या नेमकं उलट हवं. बोट पाण्यात खड्डा पाडत जाते, दोन्ही बाजूंचं पाणी तो खड्डा भरायला मागे धावतं, आणि त्या धावत्या पाण्याची लाट होते. खड्डा जितका खोल तितका लाटेत जोर. खास सर्फिंगसाठी बनवलेल्या बोटी मुळातच जड असतात आणि वर टाक्यांमध्ये दीड-दोन टन पाणी भरतात. तुमच्या बोटीला तेवढं वजन पेलणार नाही, त्यामुळे छातीएवढ्या लाटेची अपेक्षा ठेवू नका. गुडघ्याएवढी, दोरीशिवाय टिकून राहता येईल अशी लाट मात्र नक्की मिळते.

आता वेग. २४ हा वेकबोर्डिंगच्या, म्हणजे दोरी धरूनच फळीवर ओढलं जाण्याच्या खेळाच्या, जवळचा वेग झाला, सर्फिंगचा नाही. खोल पाण्यात बोटीमागून जाणाऱ्या लाटेची लांबी वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी १५ किलोमीटरला दोन शिखरांमधलं अंतर साधारण ११ मीटर येतं, १८ ला १६ मीटर, आणि २४ ला २८ मीटरच्या पुढे. तेवढंच पाणी इतक्या लांब पसरलं की उतार उरत नाही, आणि सर्फर उतारावरच घसरत पुढे जात असतो. त्यातच २४ ला तुमची बोट अर्धीअधिक पाण्यावर चढलेली असते, म्हणजे खड्डाही उथळ. ताशी १६ ते १८ या पट्ट्यात बोट धड तरंगतही नसते आणि धड पळतही नसते, नाक उचलून कुथत असते. बोटवाल्याला एरवी नको असलेली हीच अवस्था तुम्हाला हवी आहे. वेग जीपीएसवर बघा. डॅशवरचा काटा इतक्या कमी वेगाला बऱ्याचदा चुकीचा आकडा दाखवतो. आणि एकावेळी अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त बदल करू नका, तेवढ्यानेही लाट बदललेली दिसते.

मग वजन. इथे बहुतेक जण तुम्ही केलंत तेच करतात, सगळे मागे जाऊन बसतात. जेट बोटीत इंजिनं आणि पंप आधीच अगदी मागे असतात. त्यावर आणखी वजन मागे टाकलं की मागची बाजू दबते खरी, पण नाक आभाळात जातं. लाट उभी आणि आखूड होते, सर्फरला उभं राहायला जागा उरत नाही, आणि चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही. म्हणून पहिलं वजन मी मधे किंवा मधल्या भागाच्या किंचित पुढे टाकायला सांगतो, जेणेकरून आख्खी बोट खाली बसेल. नाक पुरेसं खाली आलं की मगच मागे भर घाला. पुढचं वजन लाट लांबवतं, मागचं ती उभी करतं. तुमची तक्रार मागे पडण्याची आहे, त्यामुळे तुम्हाला आधी लांबी हवी.

किती टाकायचं, याचं उत्तर बोटीवरच्या क्षमतेच्या पाटीवर आहे. समजा पाटीवर माणसं आणि सामान मिळून ७५० किलो लिहिलंय. पाच जण ३७० किलो, जॅकेटं, नांगर, बोर्ड, डबे वगैरे ८० किलो. उरले ३००, म्हणजे ३०० लिटर पाणी. सर्फर पाण्यात आहे म्हणून त्याचं वजन वजा करू नका, थोड्या वेळाने तो वर येणारच आहे. पाटी ओलांडायची नाही, एकदाही नाही. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असताना काठ लांब असतो आणि मदतीला यायला दुसरी बोट जवळ असेलच असं नाही.

पिशव्या घेण्याआधी पाण्याच्या २० लिटरच्या जारनी प्रयोग करा. आपल्याकडे ऑफिसात, लग्नात मिळतात तेच. एक जार म्हणजे २० किलो, हिशोब सोपा, आणि हलवायला सोयीचे. काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, आडवे ठेवून पट्ट्याने बांधा. सुटा जार वळणावर घरंगळत चालवणाऱ्याच्या पायाशी आला तर मोठा अपघात होईल. जागा ठरली की मग त्या मापाच्या पिशव्या घ्या. पिशवीही पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकामी ठेवा. अर्धवट भरलेल्या पिशवीतलं पाणी बोट ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. वाळूची पोती, लोखंडी वजनं यांच्या वाटेला जाऊ नका. बोटीत पाणी शिरलं तर पाण्याची पिशवी पाण्यात जवळपास वजनहीन होते, वाळू आणि लोखंड मात्र बोटीला तळाला घेऊन जातात.

इथपर्यंत लाटेला रेटा आला असेल. आता फेस.

दोन्ही नोझलमधून, म्हणजे पंपांच्या मागच्या तोंडांतून, पाणी जोरात, खळबळत, हवा मिसळून बाहेर पडतं. तो पांढरा पट्टा बोटीच्या बरोबर मागे, मधोमध असतो. फेसाळ पाण्यात हवा असते, म्हणून ते बोर्डला नीट उचलत नाही आणि फिनला, म्हणजे बोर्डाखालच्या पात्याला, पकड देत नाही. तो पट्टा बंद करता येत नाही. लाट त्याच्यापासून बाजूला काढावी लागते. याचे दोन मार्ग आहेत. एक, ज्या बाजूला सर्फ करायचं तिकडे वजन टाकून बोट कलती करायची. दुसरा, वेक शेपर लावायचा. शेपर सर्फच्या विरुद्ध बाजूला लागतो, यात खूप लोकांचा गोंधळ होतो. डाव्या बाजूला सर्फ करायचं तर शेपर उजवीकडे. तो उजव्या बाजूचं पाणी क्षणभर बाहेर ढकलून ठेवतो, ते उशिरा आत येतं, आणि तोवर डावीकडची लाट त्याच्याशी टक्कर न होता स्वच्छ उभी राहते. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला डावी बाजू सोयीची, कारण त्याचं तोंड लाटेकडे राहतं. उजवा पाय पुढे असेल तर उजवी.

प्रोपेलरच्या बोटीवाले तुम्हाला सांगतील की भरपूर कल द्या, शेपरची गरज नाही. दोन इंजिनांच्या जेट बोटीत मी हे करत नाही, आणि त्याला कारण आहे. बोट डावीकडे कलली की डावा पंप खोल जातो आणि उजवा वर येतो. उजव्या पंपाच्या तोंडाशी हवा शिरली की इंजिन अचानक ओरडायला लागतं, आरपीएम चढतो, पण बोट पुढे सरकत नाही. हा आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही, आणि तो आला की कल कमी करायचा. दुसरं असं की शेपर उजवीकडे लावला की त्या बाजूची ओढ वाढते आणि बोटीचं नाक उजवीकडे जाऊ लागतं. ते सरळ ठेवायला स्टीअरिंग सतत धरून बसण्यापेक्षा उजव्या इंजिनाला डाव्यापेक्षा काही शे आरपीएम जास्त द्या. नाक सरळ येतं, आणि सर्फरच्या बाजूचं इंजिन हळू असल्यामुळे त्याच्याजवळचा फेसही कमी होतो. दोन इंजिनांचा हा मोठा फायदा आहे. पण उजव्या इंजिनाकडून जास्त काम घ्यायचं, आणि त्याच वेळी कल देऊन त्याचा पंप उचलायचा, हे एकत्र चालत नाही. म्हणून जेट बोटीत बोट जवळपास सपाट, थोडासाच कल, आणि मुख्य काम शेपरकडे, असं मी ठरवून टाकलंय. दोन्ही इंजिनांचा वेग आपोआप समान ठेवणारी सोय तुमच्या बोटीत असेल तर ती आधी बंद करावी लागेल.

शेपरची जागा शोधणं किचकट आहे, त्यासाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवा. शेपर सक्शन कपने चिकटतो, आणि त्याला सपाट, गुळगुळीत जागा लागते. बोटीच्या अंगावर लांबट कंगोरे असतात, त्यांच्यावर कप धरत नाही. मागच्या कडेपासून चार बोटं पुढे, उभ्या बोटीच्या पाण्याच्या रेषेखाली, इथून सुरुवात करा. चिकटवण्याआधी ती जागा कापडाने पुसा, शेवाळाचा बुळबुळीत थर नखाने खरवडून बघा, कपाच्या कडेला ओलं बोट फिरवा आणि मग दाबा. बारीक दोरीने शेपर बोटीला बांधलाच पाहिजे, नाहीतर सुटल्यावर हातचा जाईल. बसवलेल्या जागेच्या कडेने पेंटरची टेप लावून खूण करा. मग एक जण मागे बसून व्हिडिओ घेईल. लाटेचं शिखर स्वच्छ पण आखूड असेल तर शेपर थोडा वर घ्या किंवा पुढे वजन वाढवा. शिखरावर पांढरा तुरा येत असेल तर शेपर दोन बोटं खाली, किंवा वेग अर्धा किलोमीटर कमी. एकावेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर दोन्ही इंजिनांचे आरपीएम, जीपीएसचा वेग आणि फोनमधल्या लेव्हलवर दिसणारा कल वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे सुधारलं ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट सेटिंगची नाही, पाण्याची आहे, आणि आपल्याकडे तीच सगळ्यात जास्त घोळ घालते. ताशी १८ किलोमीटरची १६ मीटर लांब लाट तळाचा अडथळा न होता जावी, तर खोली निदान त्याच्या निम्मी, म्हणजे ८ मीटर हवी. उथळात लाटेचा आकार बिघडतो, आणि अडीच मीटरच्या आसपास तर याच वेगाला बोट इतकी जड होते की इंजिनात दोष आहे असं वाटावं. म्हणजे ऑक्टोबरात जमलेलं सेटिंग मे महिन्यात त्याच जागी फसेल, कारण धरण उतरलेलं असतं आणि कडेला गाळ साचलेला असतो. डेप्थ फाइंडर, म्हणजे खोली दाखवणारं यंत्र, लावून गोदावरीच्या जुन्या पात्राची खोल रेघ शोधा आणि तिच्यावरच सरळ फेऱ्या मारा. उथळात आणखी एक धोका असतो. जेटचा पंप गाळ, खडे, पाणवेली, प्लास्टिक सगळं आत ओढतो. इंपेलरची, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांची, धार गेली आणि त्याच्याभोवतीची रिंग झिजली की आरपीएम चढतो पण ढकल कमी होते, आणि माणसं वजनं हलवत बसतात. जुनी बोट घेतली आहे म्हणता, तर पहिल्याच दिवशी खाली वाकून, इंजिन बंद करून, इंपेलरच्या कडा बोटाने चाचपून बघा. खवल्यासारख्या लागल्या तर ते काम आधी.

आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर वर आहोत, हेही ध्यानात ठेवा. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद गमावतं. म्हणजे मुंबईला जमलेले आरपीएमचे आकडे इथे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत.

वेळ सकाळची. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की पाण्यावर बारीक लाटा येतात आणि तुमची लाट स्वच्छ आहे की नाही हे कळतच नाही. पण सकाळी मासेमारी करणारेही पाण्यावर असतात. त्यांचे थर्माकोलचे तराफे आणि ट्यूब तुमच्या एका लाटेने उलटू शकतात, आणि जाळं पंपात गेलं तर त्यांचं नुकसान आणि तुमची बोट बंद. त्यांना आधी भेटा, जाळी कुठे टाकलीत विचारा, आणि त्या भागात जाऊच नका. काठापासूनचं अंतरही पाळा. या धंद्यातली मंडळी ६० मीटर पुरे म्हणतात, पण अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासात सर्फिंगच्या लाटा ओसरायला १५० मीटरहून जास्त अंतर लागतं असं दिसलं. आपले काठ मातीचे आहेत, मी १५० च्या आत जात नाही. एकाच पट्ट्यात पुन्हा पुन्हा फेऱ्याही मारत नाही. नांदूर मध्यमेश्वरला हा खेळ नेण्याचा विचारही नको, ते पक्षी अभयारण्य आहे आणि रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे.

आता सुरक्षेचं, आणि हे कृपया सगळ्यांना वाचायला द्या. प्रोपेलर उघडा नाही म्हणून जेट बोट सर्फिंगला चालते, पण ती निर्धोक नाही. सर्फर पडला की चालवणारा थ्रॉटल एकदम सोडतो, आणि जेट बोटीत थ्रॉटल सोडला की स्टीअरिंग जवळजवळ जातं, बोट सरळच घसरत राहते. त्यात तुमचीच लाट मागून येऊन वजनाने दबलेल्या प्लॅटफॉर्मवरून आत शिरू शकते. म्हणून थ्रॉटल हळूहळू खाली आणा, लाट पुढे जाऊ द्या, मग थोडी ढकल देत वळा. नोझलच्या झोताजवळ पडलेल्या माणसाच्या शरीरात पाण्याचा झोत घुसून आतड्यांपर्यंत गंभीर इजा होऊ शकते, साध्या पोहण्याच्या कपड्याने त्यापासून संरक्षण मिळत नाही. निओप्रीनची, म्हणजे पाणबुड्यांच्या सूटसारख्या रबरी कापडाची, जाड चड्डी सर्फरला आणि मागे बसणाऱ्याला सक्तीची करा. सर्फरने दोरी सोडली की ती लगेच आत ओढा, सैल दोरी पंपात जाते. कोणी मागून चढत असेल तर इंजिन पूर्ण बंद, न्यूट्रल नाही. आणि इतक्या हळू वेगाला एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड मागेच रेंगाळतो, वारा मागून असेल तर बोटीत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. मागच्या सीटवर कोणाचं डोकं दुखायला लागलं तर लगेच थांबा, ऊन लागलंय असं धरून चालू नका. अलार्म स्वस्तात मिळतो, लावून घ्या.

बोर्डाचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण तुमच्यातले दोघे ८५ किलोच्या पुढचे आहेत असं लिहिलंय. लहान लाटेवर त्यांना छोटा, पातळ बोर्ड दिला तर सेटिंग कितीही चांगलं असलं तरी ते मागेच पडणार. त्यांना पाच फुटांच्या आसपासचा, जाड, भरपूर तरंगणारा बोर्ड द्या. दोरी साधारण सहा मीटरची, जाड मुठीची, आणि हाताला गुंडाळायची नाही. पहिल्या दिवशी तुमच्यातल्या सगळ्यात हलक्या माणसाला उभं करा. तो टिकला तर लाट ठीक आहे आणि पुढचा प्रश्न बोर्डाचा आहे, तो टिकला नाही तर पुन्हा वजनाकडे वळा.

हे सगळं करून आलात की मागून घेतलेला व्हिडिओ, दोन्ही इंजिनांचे आरपीएम, जीपीएसचा वेग, कल, खोली आणि कोणता जार कुठे ठेवला याचं साधं चित्र पाठवा. शेपर कोणत्या मापाचा घ्यायचा ते त्यावरून सांगता येईल.